चतुराबाईची गन अन् चेअरमनचा दोरा

धारूरच्या चतुराबाईला माणसं आवडत न्हाईत. सरपंच दिसला की तिच्या कपाळाला आठी पडतीच, पण सख्खी बहीण सुंदरबाई दिसली तरी पडती. तिच्या हिशोबानं जग दोन जातीच्या येड्यांनी भरलंय, एक बोलणारे येडे अन् दुसरे मान हलवणारे.

दुष्काळाचं साल होतं. सोयाबीन करपून गेलतं, हिरीच्या तळाला पोरं क्रिकेट खेळत होती. तग धरला तो फकस्त डोंगरातल्या सीताफळानं. त्याला कुणी पाणी घालत न्हाई, कुणी इचारत न्हाई, तरी येतंय. "एवढंच एक शहाणं हाय गावात," चतुराबाई म्हणायची, "कुणाच्या भरवशावर न्हाई."

ह्या सीताफळाला लाकडी पेट्या लागतात म्हणून त्रिंबकनं सहकारी संस्था काढलती. चेअरमन अर्थात तोच. त्याच्या आधी दूध संस्था काढलती, ती आटली. कोंबड्यांची काढली, कोंबड्या मेल्या. संस्था काढणं हेच त्याचं पीक, बिनपाण्याचं.

त्या संस्थेत कामाची वस्तू एकच, हवेवर चालणारी खिळ्यांची गन. कॉम्प्रेसरची हवा पाइपातून गनमधी येती. गनचं नाक फळीवर दाबून टेकवायचं, बोटानं घोडा ओढायचा, की खिळा आत. नाक बी दाबलेलं पाहिजे अन् घोडा बी, दोन्ही झाल्याबिगर सुटत न्हाई. बनवणाऱ्यानं माणसाच्या येडेपणाचा इचार करून ठेवलेला. पण धारूरचा इचार त्यानं केलेला नव्हता.

गन चालवायची चतुराबाईच. दुसऱ्या कुणी हात लावला की ती असं बघायची की माणूस हात धुवून यायचा. सकाळी पाइप जोडायच्या जागेत गनच्याच तेलाचे थेंब सोडायची. एकदा संस्थेतल्या राधाकिशननं घरचं करडईचं तेल घातलतं, तर गन आतून चिकट होऊन बसली. "तिला फोडणी देतो का बे?" असं म्हणून चतुराबाईनं त्याला चार बायांसमोर उभा धुतला. सांच्याला कॉम्प्रेसरच्या टाकीच्या बुडाची चावी उघडली की आत साठलेलं पाणी भसकन निघायचं. दुष्काळ असा, की ते पाणी बघून साखराबाई कळशी घेऊन धावत आली.

"ने की," चतुराबाई म्हणाली. "पोटात गंज चढला की ये, घासून देते."

तरी ह्या बाईला जगात एक गोष्ट पाहिजे होती. तिच्या पोरानं, कचरूनं, औंदा कोयता घेऊन कारखान्यावर जाऊ नये. दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रक लागतात. त्रिंबक म्हणलता, दसऱ्यापर्यंत पोरगं गन शिकलं तर दुसऱ्या पाळीला घेतो. म्हणून ती कचरूला शिकवत होती. शिकवणं म्हंजे काय तर अपमान करणं.

"पाइप काढला का?"

"खिळंच तर भरायलोय, माय."

"मी इचारलं, पाइप काढला का."

"न्हाई."

"मग भर. तळहाताला भोक पडलं की त्यातून बघ, अक्कल कुठं गेलती ते दिसंल."

पोरगं पाइप काढायचं. डोळ्याला चष्मा लावायचं. दुसरा हात फळ्यांच्या जोडापासून लांब ठेवायचं. शिकलं ते, पण कौतुकाचा एक शब्द त्याला कधी मिळाला न्हाई.

खंडेनवमीला त्रिंबकनं गनची पूजा काढली. चतुराबाईच्या घरी खंडेनवमी न्हाई. त्यांनी दसऱ्याला पांढरी कापडं घालून विहारात जायचं. पण आपल्या गनला कोण कोण हात लावतंय हे बघायला ती संस्थेच्या शेडाच्या दारात येऊन उभी राहिली. आदल्या सांच्याला पाइप काढून, खिळे काढून तिनं गन टांगून ठेवलती.

"बंद मशीनची पूजा करायची का?" त्रिंबक म्हणाला. "जिती पाहिजे."

मग काय, कॉम्प्रेसर सुरू झाला. पाइप जोडला. खिळं भरलं. गनला हळद-कुंकू लागलं, अन् मुठीभवती लाल दोरा, वेढ्यावर वेढा, गच्च, घोड्यासकट. वरून झेंडूचा हार. फोटोवाला आलताच. त्रिंबक कडक पांढऱ्या शर्टात गन हातात घेऊन उभा राहिला.

"कचऱ्या, फळी धर उभी. पयला खिळा चेअरमनचा."

कचरूनं इस्त्रीचा शर्ट घातलता. दुसरी पाळी त्याला डोळ्यासमोर दिसत होती. त्यानं फळी उभी धरली, मागनं तळहाताचा टेका देऊन. हारामुळं घोडा कुणाला दिसत नव्हता. दारातून चतुराबाईला दिसला, दाबलेला.

ती चपलेसकट आत गेली. बाया "चप्पल, चप्पल" म्हणायल्या. तिनं त्रिंबकला धक्का दिला न्हाई, पोराला ओढलं न्हाई. गनखालचा पाइप धरला अन् खटकन काढला. राहिलेली हवा फाट् करून सुटली अन् ताटातलं कुंकू चेअरमनच्या शर्टावर गेलं.

"डोकं फिरलं का तुझं, चतुराबाई?"

"घोडा बांधलास तू. आता नुसतं नाक टेकलं की खिळा सुटतोय. फळी बोटभर बी जाड न्हाई अन् मागं माझ्या पोराचा हात हाय."

"देवाचा दोरा हाय तो."

"मग देवाला म्हण, फळी तू धर."

फोटोवाला हसला. तिथंच घाण झाली. खिळा लागला असता तर त्रिंबकनं दवाखान्यात नेलं असतं, रडला बी असता. पण हसणं त्याला सोसत न्हाई.

"तुमच्यात हे नसतं," तो म्हणाला. "तुला काय कळनार."

"नसतं. हात मात्र असतात आमच्यात बी."

"हिनं परत शेडात पाय ठेवायचा न्हाई. पोराला यायचं तर दसरा झाल्यावर यावं. अन् हा दोरा दिवाळीपर्यंत कुणी सोडायचा न्हाई."

कचरू मान खाली घालून म्हणाला, "माय, जाय तू घरी."

ती गेली. घरी आल्यावर पोरगं फुटलं. "तुला सारं जग येडं दिसतंय."

"हाय तर दिसतंय."

"मी जानार कामाला. दोऱ्यासकट चालवीन."

चतुराबाईनं आढ्याला खोचलेला कोयता काढला अन् दाराशी ठेवला. "मग ह्यो घेऊन जाय ट्रकात. बोट जायचंच असंल तर निदान तुझ्या सोताच्या हातानं जाऊ दे. त्रिंबकच्या नवसानं नगं."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेडात सीताफळाचे ढीग लागलते. फळांचे डोळे उघडायलते, वरची मऊ पडायलती. फळं न्यायचा ट्रक उभा अन् पेट्या न्हाईत. कचरू आला. चतुराबाई बी आली अन् बाहेर बांधावर बसली, आत पाय न टाकता.

कचरूनं गन उचलली. दोऱ्याकडं बघितलं. मग खिशातलं ब्लेड काढलं.

"ए," त्रिंबक म्हणाला. "दोरा."

"फळं नासायलीत, चेअरमन. ही अशी मी चालवनार न्हाई." त्यानं गन पुढं केली. "धरा. तुमी चालवा. फळी बी तुमीच धरा."

त्रिंबकनं गनकडं बघितलं, ढिगाकडं बघितलं, ट्रकवाल्याकडं बघितलं. त्याचे हात खिशातून निघालेच न्हाईत. ह्या माणसानं आयुष्यात अवजार धरलं ते फोटोपुरतं.

कचरूनं दोरा कापला. नाक दाबून बघितलं तर ते आत जाऊन परत येईना. कुंकू अन् तेलाचा चिखल झालता. पोरगं बोटानं उकरत बसलं, घामाघूम झालं. शेवटी दाराकडं तोंड करून म्हणालं, "माय, ये आत."

सगळ्यांनी चेअरमनकडं बघितलं. चेअरमन सीताफळं मोजायला लागला.

चतुराबाई उठली, पदर खोचला, आत आली अन् पोराला कोपरानं ढकललं.

"सरक तिकडं. उजेड अडवून बसलाय नुसता."