सासऱ्यांना न गेलेलं पत्र

मंडळींनो, आपल्या फिरत्या वहीत आज सकाळचीच गोष्ट लिहितो. हसायचं तर हसा.

परवा बायको माझ्यावर उगाच कडाडली आणि मग स्वतःच रडत बसली. दर महिन्याला हे असंच. तिचं माझ्यावर मनच नाही असं धरून, ज्या तिरमिरीत पूर्वी कॉलेज अर्धवट सोडलं त्याच तिरमिरीत मी सासऱ्यांना पत्र लिहिलं, "मुलीला घेऊन जा." आज ते खिशात घालून टपालात टाकायला निघालो.

दाराशी आई म्हणाली, "तिला शिवू नकोस रे, बाहेरची झालीय."

कोपऱ्यात कांबळ्यावर ती पोट आवळून पडली होती. मी विचारलं, "फार दुखतंय?"

"दर महिन्याला दुखतं. आधीचे दोन दिवस तर डोकंच ठिकाणावर नसतं. तुम्हाला काहीबाही बोलते, मग माझं मलाच वाईट वाटतं."

दोन वर्षांच्या संसारात हे मी आज पहिल्यांदा विचारलं. विटेचा तुकडा चुलीवर तापवला, फडक्यात गुंडाळला आणि तिच्या पोटाशी धरला.

"अहो, शिवलात ना!" कळ सोसता सोसता ती हसली.

"आता अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ कर!" आई ओरडली. "कॉलेजात हेच अर्धवट शिकलास!"

चाळीच्या नळाखाली बसलो. पत्र आठवलं तोवर त्याची शाई सदऱ्यावर उतरली होती. दुसरं लिहिलं नाही.

"वीट गार झाली की हाक मार," मी तिला सांगितलं, "पुन्हा आंघोळ करीन."

तुमच्या घरी कोपऱ्यात बसलेलीला कुणी विचारतं का, दुखतंय का म्हणून?