हातामागं बोट

नाना कुठलीही गोष्ट आधी मातीत करून बघायचे. पेणला आमच्या आळीतल्या गणपतीच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे शाडू कायम हाताशी. मुलीच्या लग्नात कपाट द्यायचं ठरलं, तेव्हा रोह्याला जावयाच्या खोलीत ते मावेल का हे बघायला त्यांनी ताटाएवढी खोली केली आणि काडेपेटीएवढं कपाट. सोयरे हसले. नाना म्हणाले, "हसा. जिन्यात अडकलं की मग रडा." कपाट अडकलं नाही. नाना पुढे वर्षभर ते सगळ्यांना ऐकवत होते.

मापाचा त्यांना भारी अभिमान, आणि तो लपवण्याची त्यांना गरज वाटत नसे. मंडळाच्या दारातून मूर्ती आत जाईल का, हे कारखान्याचे मालक त्यांनाच विचारायचे. नाना एकदा माप घ्यायचे, ओल्या मातीवर हात ठेवून "हातामागं बोट, हातामागं बोट" असं पुटपुटायचे आणि कामाला लागायचे. मला ती त्यांची एक लकब वाटायची, तंबाखू मळण्यासारखी. पुन्हा मोजायचं मात्र नाही. "दोनदा मापतो तो पयल्यांदा झोपलेला असतो," असं म्हणायचे.

या माणसाच्या नावाने आमच्या आळीत एक शब्द चालतो. दारात पलंग अडकला, डब्याला झाकण बसेना, की कुणीतरी म्हणतं, "नानांचं इंजिन झालं!" परवा माझी सून कुकरच्या रिंगबद्दल हेच म्हणाली. तिने नानांना पाहिलेलंही नाही. त्या शब्दामागची खरी गोष्ट मी आजवर इथे कुणाला सांगितली नाही.

माझ्या वडिलांची एक फियाट आहे. तिचं इंजिन कायमचं बसलं, सुटे भाग मिळेनात. कोलाडजवळ हायवेला एका भंगारवाल्याकडे एका व्हॅनचं चांगलं इंजिन होतं, ते मी आणलं. गाडी गॅरेजात द्यायला नाना तयार नव्हते. "वडलांची गाडी हाय ना? मंग ती घरच्या अंगणातच उठंल." शेजारचा संतोष डोलवीच्या कंपनीत वेल्डर. शिफ्ट संपवून तो यायचा. अंगणातल्या फणसाला साखळीची कप्पी बांधून त्याने जुनं इंजिन उचलून बाहेर काढलं.

नवं इंजिन आकाराने वेगळं. ते कुठे अडेल, त्याचे लोखंडी पाय कुठे जोडायचे, हे बघायला ते धूड दर वेळी वर-खाली करणं अवघड होतं. नाना म्हणाले, "आधी मातीत बघू." गवताच्या पेंढ्यावर शाडू लिंपून त्यांनी अख्खं इंजिन बनवलं, पंख्यासकट. आळीतले लोक बघायला यायचे. एका म्हातारीने हात जोडले, तेव्हा नाना ओरडले, "आजी, थांब गो! अजून सोंड लावायची हाय!"

ओलं इंजिन पडवीत वाळत ठेवून नाना चार दिवस लेकीकडे रोह्याला गेले. मी पंचायत समितीत नोकरी केलेला माणूस, घरात टेप होती. सहज मोजलं, तर मातीचं इंजिन लोखंडी इंजिनापेक्षा मोठं भरलं. मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. नाना चुकले! ते परत आल्यावर सांगता आलं असतं, पण मी हात ओला केला, सुरी घेतली आणि चहूबाजूंनी तासून माती बरोबर टेपेच्या मापात आणली. वरून पाणी फिरवून गुळगुळीत केली.

नाना आले, तोवर ते वाळलं होतं. त्यांनी पुन्हा मोजलं नाही. आम्ही ते गाडीत बसवलं, त्याच्या बेताने संतोषने पाय जोडले. मग मुहूर्त. गाडीला हार, नारळ, अर्धी आळी अंगणात. खरं इंजिन साखळीवरून खाली आलं आणि मध्येच अडलं. खालून लोखंडी पट्टीवर टेकलं, समोरून पंखा रेडिएटरला लागला.

नाना वाकून बघत राहिले. "असं कसं? शाडू वाळला की अंग चोरतो, म्हणून हातामागं बोट जास्तीचं धरलं होतं की मी..."

तेव्हा मला कळलं. हातभर लांबीला एक बोट. ते वाढीव बोट मी तासून टाकलं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते, गाडी माझी. मी म्हणालो, "नाना, माप चुकलं हो तुमचं."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. नाना एवढंच म्हणाले, "चुकलं असंल."

पुढच्या दोन रविवारी संतोषने पाय कापून पुन्हा जोडले आणि गाडी झकास सुरू झाली. पण त्या मोसमात कारखान्याच्या मालकांनी नानांच्या मागे दुसरा माणूस टेप घेऊन पाठवला. त्याचं माप नानांच्या मापाशी जुळलं. तरी नानांनी हात धुतले, काम सोडलं आणि रोह्याला लेकीकडे राहायला जायचं ठरवलं.

त्यांना पोहोचवायला मीच गेलो, त्याच गाडीतून. खांब गाव मागे पडेपर्यंत ते इंजिनाचा आवाज ऐकत होते. मग म्हणाले, "बेस चाललंय. पण सायब, मी एवढा कुठं चुकलो असंन?" मी गिअर बदलला. कोलाडला थांबून चहा पाजला.

या पावसाळ्यात नाना गेले. त्यांच्या मातीला मी रोह्याला गेलो आणि रात्री राहिलो. सकाळी मागच्या पडवीत गेलो, तर भिंतीला ओळीने फळ्या. प्रत्येक फळीवर शाडूची हातभर लांब पट्टी, आणि पट्टी ओली असताना तिचं टोक जिथे होतं, तिथे पेन्सिलची रेघ.

त्यांची मुलगी शैला चहा घेऊन आली. "बाबांचं खूळ, काका. पट्टी करायची, वाळवायची, किती आखडली ते बघायचं. मग पुन्हा नवी. हाताची सवय जाईल म्हणून करता का, म्हटलं, तर म्हणायचे, एक हिशेब लागत नाय गो."

मी तिला तिथेच सगळं सांगितलं. ती कठड्यावर बसली. म्हणाली, "एकदा येऊन सांगायचं होतं ना, काका. पेण काय लांब हाय?"

निघताना तिने एक फळी माझ्या हातात दिली. "ही शेवटची. ओली हाय अजून. आता तुम्हीच बघा."

पावसाळी हवेत ती वाळायला वेळ लागला. आज सकाळी बघितलं, तर पट्टी रेघेपासून मागे सरली होती. टेप नाही घेतली. मधल्या जागेत माझं बोट आडवं ठेवलं.

बरोबर बसलं.