करडीचा कौल

आमच्या घरात उंदरांसाठी दोन कायदे होते. भाताच्या कणगीकडे फिरकेल तो सापळ्यात जाणार, आणि पडवीतल्या पिंजऱ्यात राहणाऱ्या दोघींना सकाळी घावण्याचा तुकडा मिळणार. दोन्ही कायदे माझ्या नवऱ्याचे. लेक नोकरीसाठी पुण्याला जाताना तिच्या पाळीव उंदरिणी आमच्या गळ्यात मारून गेली, तेव्हा जास्त आदळआपट यांनीच केली होती. महिन्याभरात पांढरी यांच्या सदऱ्याच्या खिशात झोपू लागली.

पांढरी थोरली. तिच्या काखेत आवळ्याएवढी गाठ आली आणि ती अंग ओढत चालायला लागली. शेवटचे आठ दिवस यांनी तिला तळहातावर घेऊन चमच्याने पेज भरवली. ती गेली त्या दिवशी हे जेवले नाहीत.

मग राहिली करडी, जेमतेम आठ महिन्यांची. गावातले गुरांचे डॉक्टर उंदरीण म्हटल्यावर हसतच सुटले. गोव्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावलं. आत्ताच ऑपरेशन करून गर्भाशय आणि अंडाशय काढलं, तर पुढे तशा गाठी होण्याचा धोका खूप कमी होतो. पण एवढ्याशा जिवाला भूल सोसेलच असं नाही. लेक फोनवर रडली आणि म्हणाली, तुम्हीच ठरवा.

आठवडाभर आमचं ठरेना. मग हे उठून देवळात गेले.

आमच्याकडे अडल्यानडल्याला देवाचा कौल घेतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नको. माझा यावर काडीचाही विश्वास नाही. हे मात्र विहिरीपासून म्हशीपर्यंत सगळं देवाला विचारून करणारे.

दुपारी परत आले ते थेट माझ्यासमोर उभे राहिले. "उजवो कौल दिल्यान. फोन लाव गोव्याक."

"गुरवाला काय सांगितलंत?"

"घरातल्या चेडवाचा ऑपरेशन आसा म्हटलंय. उंदीर म्हणान कसा सांगतलंय?"

करडी घरातली मुलगी झाली! मी पोट धरून हसले. हे हसले नाहीत.

बांद्याची हद्द ओलांडून गोव्यात शिरेपर्यंत यांनी करडीचा डबा मांडीवरून हलू दिला नाही. आत ऑपरेशन चालू असताना बाहेर बाकावर बसून पुटपुटत होते. मला चेव आला. म्हटलं, देवानेच हो म्हटलंय ना, मग कसली भीती? डॉक्टरीणबाई दारात येऊन "ठीक आहे ती" म्हणाल्या, तेव्हा भिंतीकडे तोंड करून रडले.

करडी बरी झाली. पंधरा दिवसांनी एस.टी. स्टँडवर गुरव भेटले.

"वैनी, चेडू बरा आसा मां? देवान डावो कौल दिल्यान, माकाच वाईट वाटला. पण ऑपरेशन केलास नाय, ता बरा झाला."

मी नुसती मान हलवली. आयुष्यभर देवाचा शब्द न मोडलेला हा माणूस एका उंदरिणीसाठी देवाच्या विरुद्ध गेला होता, आणि ती भीती त्याने एकट्याने सोसली होती. वर मी त्याला टोमणे मारले होते. माझी मलाच लाज वाटली.

घरी न जाता मी नारळ घेतला आणि देवळात गेले. मला मागायची सवय नाही. सरळ सांगितलं, पांढरीसारखं यांना परत बघवलं नसतं, रागवायचंच असेल तर माझ्यावर रागाव.

पडवीत हे बसले होते, करडी खिशात.

"खंय गेल्लंस गो?"

"देवळात. नारळ ठेवायला."

मी आणि देवळात! गुरव मला भेटले असणार, ते यांनी ओळखलं. खिशावर हात ठेवून हळूच म्हणाले, "पांढरीचा तसा झाला... ता परत बघवला नसता माका."

"म्हायत आसा," मी म्हटलं. "देवाकय ताच सांगून इलंय."