नग एक नंबर!

मला एक सांगा, बंदूक बघायला गेलेल्या मुलीचं लग्न ठरतंच कसं?

माझं ठरलं. मला न विचारता, मुलगा न बघता आणि (हे महत्त्वाचं) मुलगा नसताना!

माझं नाव क्रांती. वडिलांचा शिरूरला छोटा छापखाना आहे. बाकीची मुलं 'कमळ', 'गवत' वाचायला शिकत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. त्यामुळे मला राग फार येतो, आणि तो मुद्देसूद येतो. हुंडा, वरातीतली घोडी, डीजे आणि दारू यांच्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहून भर बाजारात वाटली आहेत. गल्लीतल्या बायका ती आवर्जून मागून नेतात. (भजी निथळायला. मला माहीत आहे.)

आप्पा माझे चुलते. दौंडकडे, केडगावजवळ त्यांची शेती आहे. कोंबड्या सगळेच पाळतात म्हणून आप्पांनी टर्की आणल्या. टर्की म्हणजे डोकं गिधाडाचं आणि रुबाब नव्या सरपंचाचा. त्यांनी एके दिवशी जाळी फाडली आणि शेजारच्या उसात मुक्काम ठोकला. उसात बिबट्या असेल या भीतीनं माणूस आत जाईना, आणि बिबट्यालाही त्या कोण आहेत हे कळलं नसावं, कारण तोही त्यांच्या वाटेला जाईना! मग आप्पांनी मोबाईलवर बघितलं, की परदेशात लोक टर्कीची शिकार चकमकीच्या बंदुकीनं करतात. झालं.

"क्रांते, माझ्याकडं पीकसंरक्षणाचा परवाना हाय. बंदूक तेवढी गंजली. इनामगावच्या मामांकडं जुनी हाय म्हणं. तू चल."

"मी कशाला, आप्पा?"

"तुला कशातबी खोट काढता येती."

"आणि टर्की संपल्यावर?"

"मग हात फिरता ऱ्हावा म्हणून ससा, तितर, अशी बारीकसारीक..."

"ससा-तितर मारणं गुन्हा आहे!"

"म्हणून तर तुला नेतोय. कुठला गुन्हा आन् कुठला न्हाई, ते सांगाया."

मी गेले. खरेदी मोडायची म्हणूनच गेले. घरी मात्र सांगितलं नाही. वडिलांना कळलं असतं तर त्यांनी सख्ख्या भावाविरुद्ध पत्रक काढलं असतं. आईला एवढंच माहीत, की मी आप्पांबरोबर काही बघायला गेले आहे. आणि आई तर कितीतरी दिवस आप्पांच्या मागे लागली होती, "भाऊजी, क्रांतीसाठी काही बघा की!" (इथं तुम्ही सावध व्हायला हवं होतं. मी झाले नाही.)

इनामगावला उत्खननात फार जुनी भांडी सापडली आहेत. मामांची बंदूक तेव्हा नजरेतून सुटली असावी. मामा म्हणजे घोड नदीकाठचे एक म्हातारे बागायतदार. त्यांनी धोतराच्या सोग्यानं ती पुसली आणि माझ्या हातात दिली.

"नळीला आतनं पेच न्हाई. गुळगुळीत हाय. छर्रं पसरत्यात, बारीक शिकारीला हीच चांगली. हा घोडा, ही चकमक. घोडा पडला का ठिणगी, आन् ठिणगी पडली का दारू पेटती."

मी एक डोळा मिटून नळीत बघितलं. मग सुरू झाले. दस्त्याला चीर आहे. घोडा ढिला आहे. चकमक झिजली आहे. नळी तोंडाशी दबली आहे.

"पोरी, तू घ्याया आलीस का भांडाया?"

"भांडायला!" मी म्हणाले, आणि वन्यजीव कायद्यावर बोलायला लागले. नेमका तेव्हाच आप्पांचा फोन वाजला. आईचा होता. मी भाषणात रंगले होते, त्यामुळे पुढचं संभाषण मला नंतर जोडून घ्यावं लागलं. ते असं:

"वहिनी, बघितला एकदाचा! नग एक नंबर!"

"अगं बाई! कुठला वं?"

"इनामगावचा. बागायतदाराच्या घरातला."

"वय?"

"वय हाय जरा. पर राखलाय चांगला. गंज न्हाई कुठं."

"उंचीला?"

"आपल्या क्रांतीच्या हनवटीला लागतो."

"बुटका हाय म्हंजी."

"पर सरळ हाय, वहिनी! तोंडापासनं बुडापतूर सरळ."

"रागीट न्हाई ना?"

"तापतो लवकर. पर जरा सावलीला ठिवला का गार."

आईला हे पटलं. (माझे वडील तसेच आहेत.)

"आन् पोरीनं नीट बघितला का?"

"बघितला? पार आतपतूर बघितला! मघाधरनं हातातनं सोडंना."

"मग पसंत हाय?"

"खोडी काढतीया. पर काय बी हूं दे, यंदा बार उडवायचाच!"

एवढं मात्र माझ्या कानावर आलं. मी फोन हिसकावला.

"आई, माझा याला ठाम विरोध आहे! दारू आणली तर मी पोलिसांत जाईन!"

"अगं, दारू नगंच," आईचा आवाज भरून आला होता. "मी सांगते त्यांस्नी. बाकी घोड्याचं कसं?"

"घोडा ढिला आहे! तो बदलल्याशिवाय काही होणार नाही!"

"बदलू गं, बाई माझी! आपण दुसरा सांगू!"

आणि रेंज गेली.

संध्याकाळी आम्ही शिरूरला पोचलो तर दारात पांढरी घोडी उभी. घोडीवाला मला बघून पुढं आला. "ताई, पैला ढिला हुता म्हणं. हिचं पाय बघा, कसं कडक हायेत." आत पाबळची मावशी शालू घेऊन बसली होती. शेजारच्या काकूंनी माझ्या तोंडात साखर कोंबली, त्यामुळे विरोध नोंदवायला वेळ लागला. तेवढ्यात वडील छापखान्यातून आले. बोटं शाईनं काळी, डोळे ओले.

"क्रांती, तुझ्या तत्त्वांना कुठं धक्का लावला नाही बघ!"

कागदावर सर्वांत ठळक टायपात 'जाहीर आमंत्रण!' छापलं होतं. विनाहुंडा, विनादारू, विनाडीजे. आमची कन्या क्रांती हिचा विवाह इनामगावचे प्रगतिशील बागायतदार चि. ............ यांच्याशी.

"बाबा, मुलाचं नाव कुठं आहे?"

"ते भरता येईल गं. मजकूर बघ. शुद्धलेखनाची एक चूक नाही!"

इथं माझं डोकं फिरलं. त्या घरात सगळ्यांना मुलाचं वय ठाऊक होतं. उंची ठाऊक होती. तो तापतो आणि गार होतो, हेही ठाऊक होतं. मावशीला तर त्याची जमीन तोंडपाठ झाली होती, जी आप्पांनी सांगितलीच नव्हती! नाव मात्र कुणालाच लागलं नव्हतं. आणि माझा होकार? त्याच्यासाठी तर टिंबंसुद्धा सोडलेली नव्हती! एक आख्खी गल्ली नाचायला तयार, आणि जिचं लग्न तिला विचारायची आठवण एकालाही नाही! हे सगळं मी ओरडून सांगितलं. साखर उडाली.

मावशी म्हणाली, "हुतं असं. पोरी लाजत्यात."

मी लाजते! मी!

शेवटी आप्पा भेदरून म्हणाले, "वहिनी, तुमचा घोटाळा झालाय. नग म्हंजी बंदूक. टर्कीला."

आई हळूच उंबऱ्यावर टेकली. तिच्या हातात साखरेची वाटी होती. ती तिनं घोडीपुढं धरली. आईचा तो चेहरा बघून माझा राग जायला हवा होता. गेला नाही, पण कुठं ठेवावा हे मात्र कळेना.

मग तिनं मान वर केली. "भाऊजी, मग ती बंदूक तरी पसंत पडली का हिला?"

"न्हाई, वहिनी. दस्त्याला चीर, घोडा ढिला, चकमक झिजल्याली, नळी दबल्याली. मामांनीच हात जोडलं, म्हणलं, घेऊ नगा."

"ऐकलं का?" आई सगळ्या गल्लीला म्हणाली. "हिला निर्जीव बंदूक पसंत पडंना, तिथं जित्ता माणूस काय पडणार!"

गल्ली हसली. वडील हसले. आप्पा हसले, म्हणजे ज्यांचं हे सगळं कर्तृत्व, तेच! शेवटी आईसुद्धा हसली. मी प्रत्युत्तराला तोंड उघडलं, आणि काकूंनी त्यात पुन्हा साखर कोंबली.

टर्की ऊसतोड सुरू झाल्यावर आपणहून बाहेर आल्या. पत्रिका मात्र मागे घेता येत नाही. वडिलांनी उत्साहात तिचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला होता, आणि आता ती टिंबांच्या जागी कुणाकुणाच्या मुलांची नावं लिहून आमच्याच घरी येते. तुमच्याकडे आली असेल तर पुढे पाठवू नका, पुसून टाका. आणि यापुढे कुणी सांगितलं, की अमक्याच्या मुलीचं ठरलं, तर पेढा तोंडात घालण्याआधी एवढंच विचारा: "तिला विचारलं का?" मलाही विचारा. उत्तर 'नाही' येईल, चार कारणांसकट येईल. तरी विचारा!