वीस मशिनी, एक नंबर

तो अकोल्याहून आमच्या कॉलेजात आला तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखायला लागलं होतं, हे आधीच कबूल करून टाकते. अमरावतीच्या त्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी अकरा वर्षं सहायक म्हणून घासत होते. केबली माझ्या हातानं ओढलेल्या, कूलरमध्ये पाणी मी भरलेलं. आणि हा दीड वर्षापूर्वी दुसरा सहायक म्हणून आलेला, मूळचा बार्शीटाकळीचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. अन् प्राचार्य सर येता-जाता याच्याच खांद्यावर हात ठेवणार! लॅबप्रमुखाची कायम जागा निघाली तेव्हा सर म्हणाले, प्रात्यक्षिक परीक्षा होऊ द्या, मग ठरवू. मला ती जागा हवी होती. हवी म्हणजे काय, माझीच होती ती.

परीक्षेसाठी वीस आभासी मशिनी लागणार होत्या. म्हणजे खोलीत पडदे वीस, पण खरा संगणक एकच, कोपऱ्यातला मोठा सर्व्हर. त्याच्या पोटात वीस खोट्या मशिनी. अशी खोटी मशीन सुरू झाली की तिचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, खालच्या सर्व्हरला विचारून घेतं, माझी ओळख काय? मिळेल तो लांबलचक क्रमांक ते एका फायलीत मांडून ठेवतं. मशीनची कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, हे कोणीही वाचावं. हा क्रमांक मात्र रूटचा, म्हणजे मुख्य चालकाचा, अधिकार असेल त्यालाच दिसतो. तो अधिकार आम्हा दोघांकडेच होता.

मी एकेक मशीन दोन-दोन तास खपून बसवायची. यानं एक तयार केली आणि जेवणाच्या सुट्टीआधी तिच्या एकोणीस नकला काढून मोकळा! सर आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "याला म्हणतात काम." माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्या जिवाची नुसती लाही लाही झाली. डबा उघडला आणि तसाच झाकून टाकला.

आमच्या लॅबचा एक रिवाज होता. ज्यानं बनवलं त्यानं तपासायचं नाही, दुसऱ्यानं तपासायचं. दुपारी तो माझ्यासाठी चहा घेऊन आला.

"ताई, तुमी एकदा पाहून घ्या न. घाईत माह्याकडून काही राहून गेलं असन."

मी पाहिलं. पहिल्या मशीनवर क्रमांक वाचला. दुसरीवर तोच. तिसरीवरही तोच. मग खुर्ची पुढे ओढून वीसच्या वीस वाचल्या, एकही वेगळा नाही. चूक लगेच कळली मला. नक्कल पहिल्यांदा सुरू करताना सर्व्हर विचारतो, ही मशीन नुसती हलवली आहे की तिची नक्कल केली आहे? नक्कल म्हटलं की तो नवा क्रमांक देतो, हलवली म्हटलं की जुनाच राहू देतो. अकोल्याच्या नोकरीत हा रोज मशिनी या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर हलवायचा, हाताला तीच सवय. एकोणीस वेळा 'हलवली' दाबून बसला होता, बावळट!

आणि आमचा परीक्षेचा प्रोग्राम उत्तरं ठेवायचा ती याच क्रमांकाखाली. मागच्या वर्षी पोट्ट्यांनी एकमेकांचे बैठक क्रमांक टाकून घोळ घातला होता, म्हणून सरांनीच तसं करून घेतलेलं.

एक वाक्य बोलले असते तर अर्ध्या तासाचं काम होतं. "ठीक आहे सगळं," मी म्हटलं. त्यानं आणलेला चहासुद्धा प्यायले. मनात म्हटलं, घे आता, याला म्हणतात काम!

दुसऱ्या दिवशी वीस पोरापोरींनी तीन तास खाली मान घालून काम केलं आणि जमा करायचं बटण दाबलं. प्रत्येकाचं उत्तर आधीच्या उत्तरावर जाऊन बसलं. शेवटी सर्व्हरवर एकच फाइल उरली. मोर्शीहून पहिल्या एसटीनं आलेली एक पोट्टी माझ्यासमोर उभी राहून रडायला लागली. "मॅडम, माह्यं सगळं बरोबर आलतं हो." मी तोंड फिरवलं. मला त्याची जिरवायची होती, हिचा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. लाज वाटली, खूप वाटली. पण खरं सांगते, त्या लाजेखाली गुदगुल्याही होत होत्या.

सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. फेरपरीक्षा घ्यावी लागणार म्हणून ते संतापले होते.

"तपासलं कोणी होतं?"

मी दाराकडे बघितलं.

"कोणीच नाई सर," तो म्हणाला. "ताईले दाखवाचं माह्याकडून राहून गेलं."

जागा मला मिळाली. सत्र संपल्यावर तो अकोल्याला परत निघाला. शेवटच्या दिवशी लॅबच्या किल्ल्या द्यायला आला तेव्हा मला राहवलं नाही.

"काहून खोटं बोलला रे तू? मी तपासलं होतं."

"माईत हाये मले. रूट होऊन कोणी काही वाचलं का मशीन लिहून ठेवते न, ताई. वीसही मशिनींवर तुमचं नाव अन् वेळ होती. सरांनी बोलावलं त्याच्या आधीच पाह्यलं मी."

"मग सांगितलं काहून नाही?"

त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "नंबर तर मीच चुकवले होते न, ताई. ते तुमी थोडीच केलं."

आणि हसून गेला. राग नाही, टोमणा नाही, काही नाही.

आता त्या खुर्चीवर मी बसते. मशिनी मीच बनवते, तपासतेही मीच, कारण दुसरं कोणी राहिलेलंच नाही. त्याचा हेवा अजून वाटतो. आधी त्याच्या हुशारीचा वाटायचा, तो परवडला होता.