मी तिला धुराच्या अंगाला बसवलं

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला. सुमनला, माझ्या बायकोला, सीओपीडी झाला होता. म्हणजे वर्षानुवर्षं धूर जाऊन श्वासनळ्या आकसतात आणि परत पहिल्यासारख्या होत नाहीत.

"औषधानं त्रास कमी होईल. गेलेली ताकद परत येणार नाही," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "कोळशाच्या भट्टीजवळ या कुठं बसायच्या?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्याचं उत्तर इथं देतो.

वडगाव रासाईजवळ भीमेच्या काठी आम्ही वेड्या बाभळीचा कोळसा पाडतो. लाकडं रचून गवत-मातीनं लिंपायची आणि आत आग धुमसत ठेवायची. राखणीवरच्या माणसानं धूर बघायचा. पांढऱ्याचा निळा झाला की हवेसाठी ठेवलेली भोकं बुजवायची. उशीर झाला तर कोळशाची राख होते.

दोन वर्षांपूर्वी भरदुपारी सुमनच्या राखणीत भट्टीची राख झाली. ती नदीवर सापडली. शेजारच्या भट्टीवरचे आप्पा हसत म्हणाले, "तुझी बायकू भट्टीपरीस नदीच जास्त राखती." थट्टाच होती. माझ्या डोक्यात मात्र नदीवर जाळं टाकणाऱ्या एका माणसाचा संशय शिरला.

"कुणाला भेटाया गेलतीस?" मी विचारलं.

"कुणाला न्हाई. जीव गुदमरला, वारा घ्यायाला गेले."

राखणीवरचा माणूस वारा येतो त्या अंगाला बसतो, म्हणजे धूर त्याच्यावर येत नाही. मी तिला उलट्या अंगाला बसवलं, कारण तिथं ती माझ्या झोपडीतून दिसायची. दोन हंगाम ती धुरात बसली. खोकायची, तेव्हा मला सोंग वाटायचं.

मग एका सकाळी हंडा उचलताना तिचे ओठ निळसर पडले. एक्स-रे झाला. थुंकी तपासली, टीबी नव्हता. शेवटी पीएफटी, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजायची तपासणी. तिसऱ्यांदा तिला फुंकताच आलं नाही.

धाप कधी वाढली, असं बाईंनी विचारलं. सुमन म्हणाली, "भट्टीची राख झाली, त्याच्या आदल्या महिन्यापासनं."

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. मला सगळं कळलं.

घरी आल्यावर मी तिला माझा संशय सांगितला, धुरात का बसवलं तेही सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं हाय. तवा इस्वास ठेवला असता, तर दवाखान्यात तवाच आलो असतो."

बाई म्हणाल्या होत्या की आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. म्हणून हे लिहितोय. तुमच्या घरात कुणी गुदमरतंय म्हणालं, तर कुठं गेली होतीस हे विचारू नका. आधी दवाखाना गाठा.

आता ऑक्सिजनचं यंत्र घरात आहे. त्याची नळी उंबऱ्यापर्यंतच पोचते. सकाळी वारा घ्यायला मी तिला धरून तिथं नेऊन बसवतो. तिनं मला माफ केलेलं नाही, मी मागतही नाही. हात पुढे केला की ती धरते, आणि बसली की लगेच सोडते.