प्रागला जायचं, पण घर कोण बघणार

बाजाराच्या टोकाला, औषधाच्या दुकानाला चिकटून अडीच हात रुंदीचं एक दुकान आहे. तिथे बसणाऱ्या चावीवाल्याला सगळे 'ओढूनबघे काका' म्हणतात. नवं कुलूप घेऊन निघालेल्या गिऱ्हाइकाला ते दोन पावलांवरून परत बोलावतात आणि कुलूप एकदा ओढून बघतात. घरून निघताना दार तीनदा ओढतात. बँकेतल्या पेनाची दोरी असो की बसची खिडकी, हाताशी आलेली वस्तू ओढून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एकदा डॉक्टरांचं औषधांचं कपाट असंच ओढलं, तर ते उघडलं. डॉक्टर ओशाळले आणि काका आठवडाभर खुशीत होते.

माणूस मुळातच संशयी होता म्हणावं, तर तसंही नाही. लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं तेव्हा नवरा-बायको मिळून दोन दिवस परगावी एका लग्नाला गेले होते. परत आले तर घर धुऊन नेलेलं. दाराचं कुलूप काकांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं, सहा लिव्हरचं. ते तुटलं नव्हतं. किल्लीने उघडलं होतं आणि चोराने जाताना सभ्यपणे परत लावलंही होतं. तीन किल्ल्यांपैकी एक काकांनी जिवाभावाच्या मित्राकडे ठेवली होती. मित्राने कानावर हात ठेवले. काकांनी पोलिसांत त्याचं नाव घेतलं नाही, पण पुन्हा त्याच्याशी बोललेही नाहीत. चोर कोण होता हे आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवसापासून घरात दोन नियम झाले. घराची किल्ली तिसऱ्या हातात जायची नाही, आणि दोघांनी एकाच वेळी गावाबाहेर जायचं नाही.

हे नियम एकतीस वर्षं चालले. लग्नाला काकू गेल्या की काका घरी, मयताला काका गेले की काकू घरी. मुलगी दूरच्या शहरात असते. तिच्या मुलाने आजी-आजोबांना पहिल्यांदा एकत्र पाहिलं ते चार वर्षांचा झाल्यावर, तोच इकडे आला तेव्हा.

काकू सरकारी वाचनालयात बाइंडिंग करायच्या. फाटलेली पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे. प्राग शहरावरचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक त्यांच्या टेबलावर तीन वेळा दुरुस्तीला आलं होतं. डिंक वाळेपर्यंत करायचं काय, म्हणून त्या पानं उलटत बसायच्या. तिसऱ्या वेळेपर्यंत त्यांना तिथले पूल आणि चौक आपल्या गल्लीसारखे पाठ झाले. निवृत्तीला सहा महिने उरले तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "अहो, आपण प्रागला जायचं. दोघांनी."

"आणि घर कोण बघणार?" काका म्हणाले.

"घर भिंतींवर उभं आहे. कुठे जातंय ते?"

त्यानंतर काकूंनी एक वही केली आणि काकांनी एकेका गोष्टीवर संशय घ्यायला सुरुवात केली. ट्रॅव्हलच्या ऑफिसातली मुलगी गोड बोलते, म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. विमान स्वस्त आहे, म्हणजे कुठेतरी मध्येच उतरवतील. राहायच्या जागेचे फोटो पाहून तर त्यांच्या कपाळाला आठ्याच पडल्या. घरमालक स्वतः भेटणार नव्हता, दाराबाहेर भिंतीवर आकड्यांची एक डबी होती आणि किल्ली तिच्यात.

"चार आकडे," काका म्हणाले. "ही डबी मी दहा मिनिटांत उघडीन."

"बरंच आहे की. आकडे विसरलो तर तुम्ही आहातच."

एकदा काकूंनी त्यांना मोठ्या हौसेने एका पुलाचं चित्र दाखवलं. पुलाच्या जाळीला प्रेमात पडलेल्या जोडप्यांनी शेकड्याने कुलपं लावली होती. काकांनी चष्मा लावून बारकाईने पाहिलं. "सगळी हलकी. आणि किल्लीचं काय करतात?"

"नदीत टाकतात."

"मूर्ख आहेत," काका म्हणाले आणि चष्मा काढला.

महिने असेच गेले. ट्रॅव्हलच्या फॉर्मवर काकूंची सही झाली, काकांची राहिली. आज करतो, उद्या करतो. काकूंनी मागे लागणं सोडलं आणि इथेच काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हट्ट करणारी बायको गप्प बसली की शहाण्या नवऱ्याने सावध व्हावं, एवढं त्यांना कळत होतं.

मग एका गुरुवारी त्यांना ती किल्ली दिसली. काकूंचा जुडगा दाराजवळच्या खुंटीला होता. घराची, कपाटाची आणि वाचनालयाच्या कप्प्याची, अशा तीन किल्ल्या काकांना पाठ होत्या. चौथी पितळी, आखूड, दाते घाईघाईने कापलेली. त्यांच्या हातची तर नव्हतीच. पलीकडच्या रस्त्यावरच्या मशीनवाल्याचं काम, काकांनी लांबूनच ओळखलं. चावीवाल्याच्या बायकोने दुसऱ्याकडे किल्ली करावी? त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काकू आंघोळीला गेल्यावर त्यांनी ती किल्ली घरातल्या प्रत्येक कुलपाला लावून बघितली. एकालाही लागली नाही. म्हणजे ही किल्ली दुसऱ्याच कुठल्यातरी दाराची होती.

विचारायचं सोडून काका ताकास तूर लागू न देता पहारा करत बसले. काकू दुपारी जेवायला घरी आल्या की कापडी पिशवी घेऊन बाहेर पडतात आणि दहा मिनिटांत रिकामी पिशवी घेऊन परत येतात, असं त्यांच्या आता लक्षात आलं. वेगळी खोली घेतली की काय हिने? या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी ते थेट ट्रॅव्हलच्या ऑफिसात धडकले. काउंटरचा खण ओढून बघितला, तो लागलेला होता.

"बरं झालं आलात काका," मुलगी म्हणाली. "उद्या बारापर्यंत तुमची सही आणि दोघांचे पासपोर्ट हवेत. सही नसेल तर काकूंनी त्यांच्या एकटीचंच करायला सांगितलंय."

काका घरी कसे आले ते त्यांनाच ठाऊक. बायको आपल्याला सोडून चालली आहे, याबद्दल आता त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. आणि मग त्यांनी एक गोष्ट ठरवली, जिची त्यांना पुढे फार लाज वाटली. काकूंचा पासपोर्ट लपवून ठेवायचा.

पासपोर्ट आतल्या खोलीतल्या कपाटात होते. त्याच कपाटात घराची कागदपत्रं होती, काकूंच्या आईच्या दोन पाटल्या होत्या, मुलीची सर्टिफिकिटं होती, आणि काकांच्या वस्तादांनी मरताना दिलेला कानशींचा लाकडी डबा होता. ज्याच्यासाठी घर सोडायचं नाही, ते सगळं तिथे होतं. त्याला काकांच्या हातचं सहा लिव्हरचं कुलूप होतं. ते उघडायची वेळ वर्षा-दोन वर्षांत कधीतरी यायची. पण सकाळ-संध्याकाळ ओढून बघण्यात एक दिवसाचाही खाडा नव्हता.

काकांनी कुलूप काढलं, दार उघडलं आणि ते मटकन खाली बसले. कपाट रिकामं होतं. खालच्या फळीवर दोन पासपोर्ट आणि काकूंची वही, बाकी काही नाही. कुलूप तुटलेलं नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वीही ते असंच दारात बसले होते.

काकू वाचनालयातून आल्या तेव्हा ते तसेच बसलेले होते.

"चोरी नाही झाली," काकू चप्पल काढता काढता म्हणाल्या. "सगळं समोर आहे, शिवणबाईंकडे. तीन महिने थोडं थोडं नेत होते मी."

शिवणबाई म्हणजे समोरच्या घरात राहणाऱ्या शिवणक्लासच्या बाई. किल्ली त्यांच्या घराची होती.

"तीन महिने?" काका म्हणाले.

"रोज दोनदा ओढून बघत होतात. मला वाटायचं, आज तरी उघडतील. कुलूपच बघितलंत हो, आत नाही बघितलंत."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर नेऊ दिलं असतंत? घरात हे आहे, ते आहे, सोडून कसं जायचं, हेच ऐकत आले ना मी. म्हटलं, आधी ते सगळं हलवू. मग बघू हा माणूस कशासाठी थांबतो." त्यांनी चपला कोपऱ्यात सारल्या. "आणि तरीही थांबलात तर एकटी जाईन. रडत जाईन, पण जाईन."

"मी तुझा पासपोर्ट लपवायला कपाट उघडलं," काका म्हणाले. लपवण्यासारखं आता काही राहिलंच नव्हतं.

स्वयंपाकघरात जाऊन काकूंनी दोन कप चहा टाकला.

काकांनी वही उघडली. बाइंडिंगवाल्या बाईची वही, तिची शिवण बघत राहावी अशी. दिवस पहिला: किल्लीची डबी ह्यांना उघडू द्यायची. दिवस दुसरा: पूल, ह्यांना कुलपांना नावं ठेवू द्यायची. दिवस तिसरा: नदीकाठी बाकावर नुसतं बसायचं, घराचा विषय काढायचा नाही. अशा सहा दिवसांची सहा पानं होती, आणि एकही पान एकटीसाठी लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी काका हत्यारांची पिशवी घेऊन समोर गेले. आता सगळं परत आणतात, असं काकूंना वाटलं आणि त्या मागोमाग गेल्या. शिवणबाईंनी दार उघडलं. काकांनी आत शिरता शिरता त्यांची कडी ओढली, ती सरळ हातात आली.

"मशीनवाल्याने बसवलीय," शिवणबाई अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या. "तुम्हाला बोलावलं की तुम्ही ओरडता ना, भाऊजी."

काका ओरडले नाहीत. त्यांनी दाराची कडी नीट बसवली. मग शिवणबाईंच्या कपाटात, कापडाच्या तुकड्यांखाली, वस्तादांचा डबा दिसला. त्याच्यावर त्यांनी एकदा हात ठेवला आणि तो होता तिथेच राहू दिला. कपाटाला नवा कोयंडा ठोकला. खिशातून आपलं सहा लिव्हरचं कुलूप काढून लावलं, आणि दोन्ही किल्ल्या शिवणबाईंसमोर धरल्या.

"एक तुमच्याकडे ठेवा, भाऊजी."

"नको," काका म्हणाले. "दोन्ही तुमच्याकडेच असू द्या."

किल्ल्या गेल्या तरी त्यांचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. काकूंनी मान फिरवून डोळे पुसले.

साडेअकराला दोघं घरातून एकत्र निघाले. काका जिन्याच्या चार पायऱ्या उतरलेही.

"अहो," काकू वरून म्हणाल्या, "दार ओढून नाही बघितलंत."

"तू बघ," काका खिसे चाचपत म्हणाले. "माझं सहीचं पेन सापडत नाहीये. आणि लवकर ये, बारा वाजतील."